आठवाला नको, सहावाला बास!

गेल्या रविवारी आमच्या आयर्लंडमधल्या ड्रोहेडाच्या घरात बाबा मेजरिंग टेप घेऊन जिना चढत होते, आणि टेपचं दुसरं टोक धरून मी किचनमध्ये बॉयलरपाशी उकिडवी बसले होते...

झालं असं की रेडिएटरांना गरम पाणी पुरवणारा सेंट्रल हीटिंगचा पंप थकला. खालचे रेडिएटर कडक गरम, पण वरच्या शेवटच्या खोलीतला जेमतेम कोमट. आणि त्याच खोलीत सांगलीहून आलेले आई-बाबा.

आई तक्रार करत नाही, हाच प्रॉब्लेम आहे. दोन स्वेटर, शाल, कानटोपी असा जामानिमा करून हसत म्हणाली, "आम्ही जानेवारीतच निघतो गं. तिकीट बदलून मिळतं का बघ." दोघं खरं तर एप्रिलपर्यंत राहणार होते. मी फोन घेतला आणि तिकीट सोडून पंप बघायला लागले.

चार मीटर हेड, सहा मीटर, आठ मीटर... आता यातलं मला काय कळतंय?

बाबांना मात्र कळत होतं. सोसायटीचे इतकी वर्षं सेक्रेटरी, टाकीत पाणी चढवायची मोटर त्यांच्याच ताब्यात. "हेड म्हणजे पाणी किती उंच चढवायचं ते. चल, माप घेऊ." घेतलं. वर थोडं मार्जिन धरलं. मग इथल्या थंडीचं म्हणून अजून थोडं! "आठवालाच घे. मोटर कधी कमी घेऊ नये."

प्लंबर डेक्लनला फोन केला तर तो म्हणाला, एवढा मोठा लावलास तर पाइप शिट्ट्या मारतील, सहावाला आणतो, ग्रँड होईल. इथे 'मस्त'ला ग्रँडच म्हणतात.

"त्याचं काय जातंय ग्रँड म्हणायला?" बाबा उखडले. "पाणी वर पोचलं नाही तर कुडकुडणार कोण? तुझी आई!"

"अहो, मला मध्ये घेऊ नका," आई शालीतून.

बाबा तरातरा हॉट प्रेसपाशी गेले. म्हणजे गरम पाण्याच्या सिलिंडरचं कपाट... इथले लोक त्यात टॉवेल ठेवतात, आई दह्याचं विरजण. आमचा पंपही तिथेच. मी मागोमाग गेले. बाबा दोन पाइपांवर दोन हात ठेवून उभे.

"एकातून पाणी जातंय. हा दुसरा कशाला?"

"परत यायला."

"परत? म्हणजे वर टाकीबिकीत पडत नाही?"

"नाही बाबा. गोल गोल फिरतं."

बाबांचा चेहरा असा काही उजळला ना... "अगं मग चढवायचंय कुठे! जत्रेतल्या पाळण्यासारखं आहे हे. खाली येणारं पाणीच वर जाणाऱ्याला तोलून धरतंय. पंपाने नुसतं पाइपांतून फिरवायचं! घराची उंची मोजून काय उपयोग?"

"मग सकाळपासून टेप घेऊन काय नाचलात?" आईने सोडलं नाहीच. बाबांनीच मला सांगितलं, डेक्लनला कळव, सहावाला बास.

मंगळवारी डेक्लनने पंप बसवला, आणि खालच्या रेडिएटरचे व्हॉल्व्ह जरा आवळले... नाहीतर पाणी जवळच्या जवळ फिरून परत येतं म्हणे. बाबा टॉर्च धरून त्याला हातवारे करत पाळणा समजावत होते. तो बिचारा अगदी मन लावून ऐकत होता.

संध्याकाळी वरच्या खोलीत डोकावले. आई कानटोपी काढून, मोकळे केस विंचरत, रेडिएटरला पाठ लावून बसलेली. खिडकीतून मागच्या अंगणाकडे बघत तिने विचारलं, "इथे मार्चमध्ये मेथी पेरली तर येईल का गं?"

मी म्हटलं, येईल की! खरं सांगू, मला काहीही माहीत नाही... पण मार्चमध्ये आई इथेच असणार आहे. पेरेल, मग बघू.