एका ओळीचं काम

आमच्या अकोल्याच्या कॉलेजात ऑफिस सांभाळणाऱ्या मॅडम रोज तेल्हाऱ्याहून एसटीनं येतात. बारीकसारीक कामाला फाइल बनवणं त्यांना उधळपट्टी वाटते. जावास्क्रिप्ट त्या थेट काळ्या स्क्रीनवर एका ओळीत लिहितात आणि एंटर दाबण्याआधी पुटपुटत वाचतात.

परीक्षेच्या आदल्या दिवशी हॉलतिकिटं निघेनात. पुण्याचा इंजिनिअर स्पीकरफोनवरून सांगेल त्या ओळीला मशीन चूकच दाखवायचं. शेवटी मॅडम म्हणाल्या, "सर, हा कोड मॉड्यूलचा हाय, म्हंजे दुसऱ्या फाइलीतला कोड मागवून घेणारा; हे तुमी मशीनले सांगतलंच नाही. पह्यले सांगा लागते."

त्यांनी ओळीआधी तेवढं लिहिलं. प्रिंटर खडखडू लागला.

"कुठे शिकलात हे?" इंजिनिअरनं विचारलं.

शेजारी उभा मी इतिहासाचा मास्तर, पण मान माझीच ताठ झाली.

"अकोल्यातच," मॅडम म्हणाल्या. "काहून?"