टोपी काढलेला ससाणा

खतीजाच्या सासऱ्यांनी, याकूबअब्बांनी, लग्नानंतर तिला एकच अट घातली होती: या घरात जिवंत प्राण्याचा चेहरा काढायचा नाही. त्यांच्या श्रद्धेत ते पाप होतं. रत्नागिरीहून दुबईच्या करामा भागात आलेल्या, चित्रांचं वेड असलेल्या पोरीला ही अट म्हणजे सुगरणीला मीठबंदी! पण खतीजा काही कमी नव्हती. इथल्या शिकारी ससाण्यांचे डोळे चामड्याच्या टोपीने झाकतात हे कळलं आणि तिला वाट सापडली. ती टोपीवालेच ससाणे काढू लागली, जुन्या पक्षिग्रंथांतल्यासारखे: चहाच्या पाण्यात रंगवलेला कागद, टाकाची बारीक रेघ, कोपऱ्यात वेगळा काढलेला पंजा. सापही मेला, काठीही मोडली नाही. चित्रं खपू लागली. फ्रेमवाल्याकडे तर अब्बाच घेऊन जायचे.

मग उम्म अल कुवैनहून सालेम नावाच्या म्हाताऱ्या अरबाचा फोन आला. आपली लाडकी ससाणामादी तो शिकारीचा मोसम संपताच डोंगरात सोडून देणार होता. आठवणीला चित्र हवं होतं.

"टोपी नहीं," तो मोडक्या हिंदीत म्हणाला. "उसकी आँख चाहिए."

खतीजाला हे चित्र काढायचंच होतं, त्यासाठी जीव तुटत होता. पण अब्बांचा शब्द मोडणंही जमणारं नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी तिने सरळ अब्बांनाच सांगितलं. पक्षी बघायला उम्म अल कुवैनला जावं लागेल, हेही सांगितलं.

"एकटी कशी जाशील? मी येतो," ते म्हणाले. "पक्षी तर बघू. डोळ्यांचं मग."

सालेमने अंगणात टोपीची वादी दातांनी सैल केली. टोपी निघाली, मादीने मान वळवली आणि थेट अब्बांकडे बघितलं. अब्बाही बघत राहिले. "माशाल्ला," ते पुटपुटले.

खतीजाने पिसं रंगवली, चोच रंगवली, डोळ्याची जागा कोरी ठेवली आणि कागद अब्बांपुढे ठेवला.

"अब्बा, तुमच्या शब्दाबाहेर मी जाणार नाही. नको म्हणालात तर सालेमना नकार कळवते. इन्शाल्ला, समजून घेतील."

अब्बांनी चष्मा लावला. त्या कोऱ्या जागेकडे कितीतरी वेळ बघितलं. शेजारच्या ताटलीत नखांसाठी कालवलेला काळा रंग होता. त्यांनी त्याच्याकडे बोट दाखवलं.

"हा कशाला? काळे नाहीत तिचे डोळे. उन्हात बघितलेत मी. तपकिरी आहेत. नीट काढ."