बिनखड्याचं दुखणं

आसगावात रोवणीला बायांची टोळी हवी असली की धुरपताच्याच दारात यावं लागे. धान लावताना तिची ओळ वाकडी गेलेली कोणी पाहिली नव्हती. तोंडही तसंच सरळ. ती धानाच्या बांधीतून ओरडली की रस्त्यावरची एसटी थांबते, असं बाया म्हणत.

एकच गोष्ट तिनं पोटात ठेवली होती. नवरा, आनंदराव, एड्सनं गेला. गावाला तिनं टीबी सांगितला. मग तिलाही एचआयव्ही निघाला. भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या फुकट मिळत. रोज न चुकता घ्यायच्या आणि पाणी उकळून प्यायचं, एवढंच पथ्य. पण दर महिन्याला भंडाऱ्याला कायले जाते, असं कोणी विचारलं तर? बांधावर सगळ्या जणी बोडीचं, म्हणजे शेताजवळच्या तळ्याचं, पाणी पिणार आणि हिचीच बाटली वेगळी? टोळी मोडेल, कोणी कामाला घेणार नाही. या भीतीनं बाईनं गोळ्या सोडल्या आणि चारचौघींसारखं बोडीचं पाणी प्यायला लागली. शहाणपणाची हद्दच झाली म्हणायची!

दुसऱ्या वर्षी ऐन रोवणीत उजव्या बरगडीखाली कळ उठली. जुलाब, ताप, ओकाऱ्या. गावानं पित्त ठरवलं आणि लिंबू पाजलं. चौथ्या दिवशी टोळीतल्या कलाबाईनं तिला गाडीत घातलं आणि भंडाऱ्याला आणलं.

सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, "खडा नाही, तरी पित्ताशय टम्म सुजलंय. पाण्यातले काही जंतू धडधाकट माणसाला चार दिवस जुलाब करून निघून जातात. अंगातली ताकद गेली असली की पार पित्ताशयापर्यंत पोचतात. आधीचं काही दुखणं आहे का? लपवाल तर जीव जाईल."

त्यांनी कलाबाईला बाहेर थांबायला सांगितलं होतं. ती हलली नव्हती.

मेली असती तरी बरं, असंही धुरपताला वाटून गेलं. मग म्हणाली, "मले एचआयव्ही आहे जी."

"सांगितलं एकदाचं," कलाबाई म्हणाली. "आनंदराव गेला तवाच सगळ्याइले मालूम झालं होतं. म्हणून त पाण्याचा गडवा तुले आखरीले देत होतो."

सगळ्यांनंतर पाणी मिळणं हा धुरपता इतके दिवस म्होरक्या बाईचा मान समजत होती. तिला असा संताप आला की कळ विसरली.

"अन् बोलली काहून नाई व? तुमच्या भेवानं मी इथं मरून राहिली!"

"तुले वाईट वाटन म्हणून."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. गडव्यानं एचआयव्ही होत नाही, हे त्यांनी कलाबाईला दोनदा सांगितलं. मग पित्ताशय काढलं, गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

पुढच्या रोवणीला धुरपतानं घरून उकळलेल्या पाण्याची बाटली नेली आणि सगळ्यांदेखत बांधावर बसून प्याली. उन्हानं तहानलेल्या कलाबाईनं हात पुढं केला.

"तुले आखरीले," धुरपता म्हणाली.