आधी गोष्ट, मग गाणं

जगात गाणारी माणसं पुष्कळ आहेत आणि बोलणारी त्याहून पुष्कळ. पण गाणं ऐकायला म्हणून लोकांना जमवून, पेटी पुढ्यात ओढून, भात्यात हवा भरून मग तासभर नुसतं बोलत राहणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या आत्याच्या वाट्याला आला. आमच्या आतोबांनी आजवर तेवीस गाणी केली. शब्द त्यांचे, चालही त्यांचीच. ती सगळी सलग म्हटली तर दोन तासांत संपतील. पण त्यातलं एखादं कसं सुचलं हे त्यांनी सांगायला घेतलं, की ऐकणाऱ्याने घरी जेवायला वाट बघू नका म्हणून कळवून ठेवलेलं बरं.

आतोबा कॉटन ग्रीनच्या एका गोदामात मोजणीचे कारकून होते. निवृत्त झाल्यापासून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, डिलाईल रोडवरच्या त्यांच्या चाळीच्या व्यायामशाळेत, डंबेल्स भिंतीला सरकवून आणि सतरंज्या अंथरून ते स्वतःच्या गाण्यांचा कार्यक्रम करतात. तीस-चाळीस माणसं येतात. आतोबा त्यांना श्रोते म्हणतात, ती स्वतःला फॅन म्हणवतात. माईक लावणं आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग करणं हे काम माझ्याकडे आहे, आणि ते मला माझ्या अंगच्या गुणामुळे मिळालं. मी प्रभादेवीला राहते, ऑफिसात इंग्रजीत बोलते आणि नातेवाइकांत शक्यतो कुठल्याच भाषेत बोलत नाही. शाळेत मराठी होतं ते आठवड्यातून चार तास. त्यामुळे अजूनही चारचौघांत मराठी बोलायचं तर मी वाक्य आधी मनात पूर्ण करते, आणि ते पूर्ण होईपर्यंत विषय बदललेला असतो. आतोबांनी हे बरोबर हेरलं होतं. हिलाच ठेवा, ही मध्ये बोलत नाही, असं त्यांनी आत्याला सांगितलं.

त्यांची पद्धत ठरलेली. पेटीवर सा धरायचा, डोळे मिटायचे, ढोलकीवाल्या काकांनी हात उचलायचे, आणि आता गाणं सुरू होणार असं सगळ्यांना वाटलं की डोळे उघडून म्हणायचं, “त्याचं असं झालं.” सा हळूहळू विरून जातो. काकांचे हात थोडा वेळ अधांतरी राहतात, मग मांडीवर येतात, मग खिशातून आवळा सुपारीची डबी काढतात. काका आतोबांचे चाळीस वर्षांचे मित्र, प्रभादेवीच्या कोळीवाड्यातले. साथीला येताना ते वर्तमानपत्रातलं कोडं घेऊन येतात आणि एका गाण्यामागे एक कोडं सुटतं, असा त्यांचा अनुभव आहे.

बरं, हे फक्त व्यासपीठावर नाही. दाढ काढायला गेले तेव्हा तोंडात बधिर करायचं औषध पसरेपर्यंत ते डॉक्टरांना एक गाणं कसं झालं ते सांगत होते, आणि बधिर झाल्यावरही थांबले नाहीत; डॉक्टरांनी फक्त स्वर ऐकून मान डोलावली. लालबागला मसाला कुटून घ्यायला आत्या त्यांना कधीच पाठवत नाही, कारण तिथे रांग असते, आणि रांगेतल्या माणसाला पळून जाता येत नाही. गाणी ते लिहितात लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. जाड कागदावर शब्द नीट बसतात, असं त्यांचं म्हणणं. एकदा आत्याच्या मावसभावाच्या मुलीची पत्रिका अशीच गाण्यात गेली. लग्न होऊन तीन आठवडे झाल्यावर आतोबा गाण्याची चाल बदलायला बसले, पत्रिका उलटली आणि आत्याला म्हणाले, अगं, हिचं लग्न ठरलंय वाटतं.

गोष्ट मात्र ते लिहून ठेवत नाहीत, त्यामुळे ती वाढते. ‘तुझ्यावाचून ताल’ नावाचं त्यांचं एक गाणं आहे. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते एका जिवलग मित्रावर होतं, जो नोकरीसाठी सुरतेला गेला. पुढच्या खेपेस तो मित्र सुरतेला आजारी पडला. तिसऱ्या खेपेस तो तिथेच वारला. आता सुरतेला सहा महिने राहून आलेला त्यांचा मित्र एकच, आणि तो शेजारी ढोलकी घेऊन बसलेला. पण लोकांना हे कुठे माहीत? एका गृहस्थांनी उठून दोन मिनिटं शांतता पाळू या म्हणून सुचवलं. सगळे उभे राहिले. काकाही ढोलकी बाजूला ठेवून उभे राहिले, मान खाली घालून. शेवटी दुःखाला साथ द्यायची ती तरी त्यांनी का सोडावी? नंतर चहा घेताना त्यांनी आतोबांना फक्त एवढंच विचारलं, “मी कशाने गेलो, ते तरी सांग रे.” आतोबा म्हणाले, ते अजून ठरलेलं नाही. पुढच्या महिन्यात एका बाईंनी काकांनाच गाठून त्या बिचाऱ्या मित्राच्या घरचे कसे आहेत म्हणून विचारलं. काका म्हणाले, सावरतायत हळूहळू.

या सगळ्याचा हिशेब चाळीत कोणी ठेवत नसेल, पण गिरगावहून येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका ठेवतात. त्यांना आम्ही वहीवाल्या बाई म्हणतो. कुठलं गाणं, कुठल्या महिन्यात, कोणती गोष्ट, सगळं त्या तारखेनिशी उतरवून घेतात. ‘गच्चीवर वाळतंय आभाळ’ या आतोबांच्या सर्वांत लाडक्या गाण्याच्या त्यांच्या वहीत सात गोष्टी आहेत. एकीत ते आईच्या आठवणीने सुचलं, एकीत संपाच्या दिवसांत, एकीत चक्क बोटीवर. बाईंनी एकदा भर कार्यक्रमात वही उघडून यातली खरी कोणती असं विचारलं. कोणीही गडबडला असता. आतोबांनी प्रेमाने बाईंकडे बघितलं आणि म्हणाले, “बाई, गाणं एकदाच सुचतं असं तुम्हाला कोणी सांगितलं?” बाईंनी तेही लिहून घेतलं.

गेल्या वर्षी आतोबांचा आवाज बसला. आधी वाटलं सर्दी. मग वरचे स्वर लागेनात, मग खालचेही फाटायला लागले. परळच्या एका रुग्णालयात तपासणी झाली. स्वरयंत्रावर छोटी गाठ होती. गाठ साधी निघाली, काढलीही गेली, पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की दोन आठवडे तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि त्यानंतर महिनाभर दिवसाला दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत बोला किंवा गा. कुजबुजणंही त्यातच धरलं जाईल. वरचे स्वर परत येतील का, हे त्यांनी सांगितलं नाही. आतोबांनी विचारलंही नाही.

आत्याने लालबागहून एक पाटी आणि पेन्सिलींचा पुडा आणला. घर इतकं शांत झालं की आत्या बावरली. आपल्या फ्रीजला आवाज आहे हे मला लग्नानंतर पहिल्यांदा कळलं, असं ती मला फोनवर म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिने मला बोलावून घेतलं, कारण त्यांनी पाटीवर लिहायचं आणि तिने चष्मा शोधून ते वाचायचं, यात डाळ करपत होती. मी संध्याकाळी ऑफिसातून परस्पर तिकडे जायला लागले. आम्ही दोघं न बोलता बसायचो. मला ते जड गेलं नाही. आतोबांना जात होतं, हे त्यांच्या पेन्सिली किती लवकर झिजायच्या त्यावरून कळायचं.

दुसरा शनिवार जवळ आला तेव्हा ते मौनातून सुटून दहा मिनिटांवर आले होते. कार्यक्रम रद्द करू, असं आत्याचं म्हणणं. फॅन मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र चर्चा रंगली होती, की दहा मिनिटांत आतोबांची प्रस्तावना तरी होईल का. आतोबांनी पाटीवर लिहून माझ्यापुढे धरलं: “मी गाणार. गोष्ट तू सांग.” मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी पुसून लिहिलं: “तू वाढवणार नाहीस.” मी म्हटलं, मला सगळ्यांसमोर दोन वाक्यं धड येत नाहीत. त्यांनी लिहिलं: “मग एक सांग.”

गाणं गच्चीचंच म्हणायचं ठरलं होतं. मी विचारलं की सातांतली कोणती सांगू. पेन्सिल बराच वेळ पाटीच्या वर थांबली. मग त्यांनी अगदी बारीक अक्षरांत लिहिलं, “एकही नाही.” आणि त्याखाली लिहिलं, की गोदामात बसलो होतो, डबा खाऊन झाला होता, सुचलं. एवढंच. मग पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं. पूर्वी एकदा ते गाणं त्यांनी चाळीच्या पूजेत नुसतंच म्हटलं होतं. लोक गप्पा मारत होते. कोणी चहा आला का बघायला उठलं. संपल्यावर एका माणसाने सहज विचारलं की कसं सुचलं, आणि आतोबांना खरं सांगायची लाज वाटली. त्यांनी बोटीची गोष्ट रचली. लोक गप्प झाले, जवळ सरकले, आणि मग गाणं पुन्हा म्हणा म्हणाले. “तेव्हापासून नुसतं गाणं कोणापुढे ठेवलं नाही,” त्यांनी लिहिलं. पाटी भरली होती. उरलेल्या कोपऱ्यात त्यांनी घुसवलं: “ह्या वेळी ठेवायचंय. पुढे आवाज नसला तर?”

त्या शनिवारी व्यायामशाळेत नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. काहींनी पैजही लावली असावी. वहीवाल्या बाई पहिल्या रांगेत, पान उघडून. आत्या घड्याळ हातात घेऊन बाजूला उभी, कारण दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं. मी माईक आतोबांसमोर लावण्याऐवजी स्वतःच हातात धरला आहे हे लक्षात आल्यावर लोकांची कुजबुज थांबली. मी मनात तयार केलेली पाच वाक्यं होती, त्यातली दोनच उरली. मी म्हटलं, “हे गाणं कॉटन ग्रीनच्या गोदामात, दुपारी डबा खाल्ल्यावर सुचलं. तेव्हा काहीही झालं नव्हतं.” आणि बसले.

बाईंचं पेन कागदावर टेकलेलं होतं. त्या वाट बघत होत्या. सगळेच वाट बघत होते, आणि मागून कोणीतरी “मग?” असं म्हणालंही. आतोबांनी सा धरला. काका कोड्याचा कागद बाहेर काढायच्या बेतात होते; आतोबा गायला लागले तेव्हा काकांची एक मात्रा चुकली, चाळीस वर्षांत पहिल्यांदाच असं ते नंतर सांगत होते.

आवाज पूर्वीचा नव्हता. त्याला खरखर होती, आणि अंतऱ्याला जिथे सूर वर चढतो तिथे आतोबा चढले नाहीत. तिथे त्यांनी ओळ खालीच ठेवली, जशी आपण जड वस्तू वर ठेवता येत नसली की हळूच जमिनीवर ठेवतो. “गच्चीवर वाळतंय आभाळ, कोणी घडी घालायची.” मी हे गाणं कितीतरी वेळा रेकॉर्ड केलं होतं. पण त्याआधी येणाऱ्या गोष्टीत मी इतकी अडकलेली असायची, की घडी घालणारं कोणीच घरी उरलेलं नाही, असं ते गाणं आहे, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. चहा आला का बघायला कोणी उठलं नाही. संपल्यावर वहीवाल्या बाईंनी वही मिटली आणि पुन्हा म्हणा म्हणाल्या. आत्याने घड्याळ बघून बोटांनी पाच मिनिटं बाकी असल्याचं दाखवलं. पाच मिनिटांत आतोबा बोट, संप आणि आई तिन्ही आणू शकले असते. ते गायले.

आता आवाज बराच सुधारला आहे. वरचे दोन स्वर मात्र आले नाहीत, आणि आतोबांनी चालीच त्याप्रमाणे खाली आणल्या आहेत. वेळेचं बंधन नाही. पण गोष्टी त्यांनी सोडल्या. आता ते गाण्याआधी एखादं वाक्य सांगतात. हे रांगेत सुचलं, हे तापात सुचलं. आणि सुरू करतात. सात वाजता सतरंज्या गुंडाळून होतात. सगळे म्हणतात, छान झालं, गाणी आता खरी ऐकू येतात. मीही तसंच म्हणते.

मागच्या महिन्यात कार्यक्रम झाल्यावर आम्ही दोघं त्यांच्या खोलीबाहेर कॉमन गॅलरीत बसलो होतो. मी त्यांना ‘निळं दार’ या गाण्याची गोष्ट सांगा म्हटलं. आतोबा ओशाळले. “ता सगळा खोटा होता गो,” ते मालवणीत म्हणाले. मी म्हटलं, माहीत आहे, तरी सांगा. त्यांनी कठड्यावर हात टेकले. प्रभादेवीच्या एका गल्लीत एक निळं दार होतं, रोज सकाळी त्या दारातून एक हात बाहेर येऊन दुधाची पिशवी आत घ्यायचा, चेहरा कधी दिसला नाही. इथवर आले आणि थांबले. पुढे काय होतं ते त्यांना आठवेना. आत्याला हाक मारून विचारलं, तिलाही आठवत नव्हतं. रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं, पण मोबाईल मी काढला नाही.

मी म्हटलं, मग एक दिवस पिशवी दुपारपर्यंत तशीच लटकत राहिली. आतोबा माझ्याकडे वळून बसले. मी म्हटलं, त्या दिवशी तुम्ही कामाला गेलाच नाहीत, समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिलात. हे त्यांच्या गोष्टीत होतं की नव्हतं, मला खात्री नव्हती. त्यांनाही नव्हती.

“मग?” आतोबांनी विचारलं.