आईचा पहिला नकार
पापडाच्या पिठातल्या हिंगाचा वास आला, की भिलाईच्या आमच्या क्वार्टरमधली एक दुपार आठवते. आई कधीच कुणाला नाही म्हणत नसे. त्या वर्षी मात्र तिचं हसणं-बोलणं आटलं होतं; दिवसभर ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. वैशाली नगरहून आत्या उडदाचं पीठ घेऊन आली. "अवं, सारे पापड तुलेच लाटा लागन." आई उठून बसली. "नाही, ताई. माह्याच्यानं नाही होत." "मंग आधी कावून नाही सांगितलं?" असं म्हणून आत्या आईचे केस विंचरायला बसली. आई पोटभर रडली, आणि संध्याकाळी तिनं आपणहून चहा मागितला. पुरती सावरायला तिला पुढे बरेच महिने लागले. पण मला अजून वाटतं, ती त्या दुपारीच परत यायला निघाली होती.