पिच्चरमधला कावळा

या ग्रुपवरचे भुताखेताचे अनुभव मी रोज वाचते, पण खरं सांगते, एकावरही विश्वास बसला नव्हता. माणूस एकटं पडलं की काहीबाही दिसतं, असंच वाटायचं. आता मीही एकटीच असते, तेव्हा तुम्ही माझ्याबद्दल तसंच म्हणा... चालेल. शिक्षण नववीपर्यंतच, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं गाव चंदगडकडं. बाबा गेले, शाळा सुटली, आणि ओळखीनं इथं पूर्णेला आले — स्टेशनजवळच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला. मालकीणकाकूंचे लय उपकार आहेत, पोरीसारखं ठेवलंय.

बाबांच्या दहाव्याला मला नदीवर नेलं नव्हतं. पोरींनी यायचं नसतं म्हणे. चुलते परत येऊन म्हणाले, "लय वाट बघितली, कावळा शिवला न्हाई. शेवटी दर्भाचा केला." आईला सांभाळू, शेत विकणार नाही... सगळं बोलून बघितलं होतं त्यांनी. पण बाबांचा जीव कशात अडकलाय ते मला माहीत होतं. पोरगी दहावी झालेली बघायची होती त्यांना. तसा शब्द द्यायला तिथं मीच नव्हते.

मागच्या उन्हाळ्यात, दुपारची गिऱ्हाइकं जेवून गेल्यावर, काकूंच्या मोबाईलवर एक पिच्चर बघत होते. बाप गेलेला पोरगा, माझ्याच वयाचा. कुणाशी बोलत नाही, शाळा चुकवतो, मारामाऱ्या करतो. शेवटी एकटाच नदीवर पिंड ठेवून बसतो. कावळे झाडावर, खाली एकही येईना. मला राहवलं नाही. रिकाम्या मेसमध्ये मोठ्यानं म्हणाले, "बाबा, मी दहावी करते."

आणि एक कावळा उतरला. चोच मारली, भात घेऊन उडाला.

काकू आत आल्या. "का रडायलीस गं?"

"कावळा शिवला, काकू."

"कुठं? दोनदा बघितलाय मी हा पिच्चर. कावळा येतच न्हाई की त्यात. डोळा लागला असंल तुजा."

मागं घेऊन बघितलं. खरंच... पोरगा बसून राहतो, मग पिंड पाण्यात सोडून घरी जातो.

मी घाबरले. काकू म्हणाल्या, "शिवू दे न्हाईतर न शिवू दे. बोललीस ना? मग बस अभ्यासाला." बाहेरून दहावीचा फॉर्मही त्यांनीच भरला.

परीक्षा जवळ आलीय, गणिताची धास्ती आहे. तो सीन मी अजून लावून बघते. कावळा परत आला नाही. काय होतं ते, मला सांगता येत नाही. फक्त त्या पोरानं पिंड पाण्यात सोडला की जीव तुटतो... वाटतं, त्याच्या वाट्याचा कावळा मी घेतला.