तिसरा प्लग

जीवराम मिस्त्री ऊर्फ नाना यांच्या गॅरेजची एक रीत होती. गाडीतून काढलेला पार्ट, मग तो झिजलेला ब्रेकपॅड असो की फुटकं बेअरिंग, कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. "तुमची वस्तू, तुमच्या घरी," असं ते म्हणत. जळगावच्या उस्तादांकडून उचललेली ही सवय त्यांनी धुळ्यात, पारोळा रोडवर बत्तीस वर्षं पाळली. नाना खोटा पार्ट टाकत नाहीत असं लोक सांगत, ते या पुडीच्या जोरावर.

त्या सोमवारी सकाळी, नरडाण्याच्या कारखान्यात कामाला असलेल्या संघमित्राची लहान पांढरी गाडी आत आली. नानांनी मान वर करण्याआधी इंजिन ऐकलं. तीन ठोके आणि एक रिकामी जागा. तीन ठोके, एक रिकामी जागा.

तीन आठवड्यांपूर्वी इंजिनात ठिणगी पाडणारे या गाडीचे चारही प्लग त्यांनीच बदलले होते. तिसरा प्लग बोटांतून निसटून फरशीवर आपटला होता. उस्ताद म्हणायचे, "प्लग पडला की मेला. उचलायचा तो टाकण्यापुरता." पण दुकानातून चारच आणलेले, आणि संघमित्राला ड्यूटीची घाई. नानांनी इकडेतिकडे पाहिलं, प्लग पँटला पुसला आणि बसवून टाकला.

आठवडाभरात सोनगीरच्या चढाला गाडी आचके देऊ लागली. ती परत आली, तेव्हा बॉनेटसुद्धा न उघडता नाना बोलून गेले होते, "पेट्रोल कुठलं भरता ताई? नरडाण्याकडचं? मग झालं! भेसळ असेल त्यात."

आता संघमित्रा गाडीतून उतरली, पण किल्ली फिरवून इंजिन बंद केलं नाही.

"ऐका नाना. टाकी उपसून धुळ्यातलं पेट्रोल भरलं. तरी मिसिंग तशीच, आचके थांबत नाहीत."

"बघू," नाना म्हणाले.

"आणि मी त्या पंपावर पेट्रोल भरणाऱ्या म्हाताऱ्या चिंधाभाऊंना नाही नाही ते बोलले हो! त्यांनी बिचाऱ्यांनी माझ्यासमोर फिल्टर कागदावर थेंब टाकून दाखवला. उडून गेला, डाग नाही, म्हणजे पेट्रोल चोख. मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते, मला कळायला हवं होतं. पण म्हटलं, नाना सांगताहेत म्हणजे कागदच खोटा. रांगेत चार गाड्या होत्या. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला."

नाना बॉनेटखाली वाकले. चालू इंजिनवर, प्लगला वीज देणाऱ्या एकेका कॉइलची पिन ते काढून बघू लागले. पहिलीची काढली, इंजिन आणखी ढेपाळलं. म्हणजे तो सिलिंडर काम करत होता. दुसरीचंही तसंच, चौथीचंही. तिसरीची काढली, तर काहीच फरक नाही. तो सिलिंडर आधीच मेलेला होता. तरी देवाला कौल लावावा तशी त्यांनी इंजिन बंद करून दुसरी आणि तिसरी कॉइल अदलाबदल केली. कॉइल खराब असती, तर दोष तिच्याबरोबर दुसरीकडे गेला असता. पुन्हा गाडी चालू केली. दोष तिसऱ्यातच बसून होता.

राहिला प्लग. तो बाहेर आला, आणि पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढी काळी चीर दिसली. नानांनी मूठ मिटली.

नवा प्लग घालताच इंजिन एका सुरात चालू लागलं. संघमित्रा खुलली.

"तुमच्या हाताला तोड नाही, नाना! द्या माझी पुडी. आज कामावर जाताना चिंधाभाऊंना दाखवते, माफी मागते."

फळीवरच्या डब्यात झिजलेले वीसेक जुने प्लग होते. नानांचा हात डब्यापर्यंत गेला. त्यातला एक उचलून त्यांनी कागदावर ठेवलाही. मग त्या म्हाताऱ्या माणसासमोर मान खाली घालून उभी असलेली ही पोर त्यांना दिसली. त्यांनी तो प्लग परत डब्यात टाकला आणि मूठ उघडली.

"हा तुमचा. मीच पाडला होता. पुसून बसवला. पेट्रोलचं मी... तोंडाला आलं ते बोललो."

संघमित्राने प्लग उजेडात धरून चीर पाहिली.

"पडला तेव्हाच सांगायचं होतं. मी बसने गेले असते, नाना."

ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बसा गाडीत," ती म्हणाली.

सोनगीरचा चढ गाडीने एकही आचका न देता काढला.

पंपावर चिंधाभाऊ नोझलपाशी नव्हते. कोपऱ्यात हवेच्या यंत्राजवळ स्टुलावर बसले होते. संघमित्राने जाऊन हात जोडले. नाना पुढे झाले, आणि हवेसाठी थांबलेल्या दोन मोटारसायकलवाल्यांच्या देखत त्यांनी सगळं सांगितलं.

चिंधाभाऊंनी प्लग उलटसुलट करून पाहिला.

"मना कागद ते कोराच व्हता, भाऊ," ते म्हणाले. "पन मालकनी माले हवावर बठाडी दिन्हं. गिऱ्हाइक बोंब मारस म्हने."

चिंधाभाऊंना पुन्हा पेट्रोलवर घ्या म्हणायला नाना मालकाच्या खोलीत गेले. तेच दुसऱ्यांदा सांगताना जीभ जास्त जड झाली. मालकाने मोबाइलवरून नजर न काढता म्हटलं, "बघतो."

ते बाहेर आले, तर चिंधाभाऊ संघमित्राच्या गाडीची चाकं तपासत होते. नानांना पाहून म्हणाले, "मिस्तरी, आते मनी हवा खराब शे म्हनू नको!"

मोटारसायकलवाले खो खो हसले. संघमित्राही हसली. नानांनी हसायचा प्रयत्न केला, पण चेहरा वळेना. निघताना संघमित्राने प्लग कागदात गुंडाळून ती पुडी त्यांच्याच हातात ठेवली.

"तुमची वस्तू, नाना."

तेव्हापासून गॅरेजमध्ये नानांच्या हातून काही निसटलं, तर ते आधी मोठ्याने "पडला!" म्हणतात आणि मग वाकतात. नवी गिऱ्हाइकं दचकतात. चिंधाभाऊ अजून हवेवरच आहेत. नाना नरडाण्याकडे गेले, की स्कूटर त्यांच्यापुढे उभी करून दोन्ही चाकांत हवा भरून घेतात, लागत नसली तरी.